हसायला दुसरं माणूस लागतं!

परवा शनिवारी सकाळी साडेसहाला झोपमोड झाली ती 'हो हो, हा हा हा'च्या गजरानं. आमच्या बिल्डिंगमागच्या बागेत हास्यक्लब भरतो. आजी-आजोबा हात वर करून, कुणी काही विनोद सांगितलेला नसताना, खो खो हसत असतात. पूर्वी मी गॅलरीतून बघून म्हणायचो, हसू काय असं ठरवून येतं का? आता मत बदललंय.

ही कल्पना मूळची आपल्या मुंबईचीच. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी लोखंडवालातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली. आधी ते विनोदच सांगायचे. पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरले ते चावट नाहीतर बोचरे. मग डॉक्टरांनी विनोदालाच सुट्टी दिली. आधी खोटं हसा, समोरच्याकडे बघून खरं हसू येईलच, असा तो साधा हिशोब.

आणि तो बरोबर निघाला! रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या रोजच्या हसण्याच्या नोंदी केल्या. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक वेळा विनोदावर नाही, तर अगदी साध्या बोलण्यावर. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाला २०११ मध्ये असं दिसलं की पोटभर हसल्यावर माणसाची वेदना सहन करण्याची ताकद वाढते. त्यामागे शरीरातलं एंडॉर्फिन असावं, असा त्यांचा अंदाज.

मला हे स्वतःच्या अनुभवावरून पटतं. २०२० मध्ये पहिली नोकरी लागली ती घरूनच. रूममेट गावी गेलेले. दिवसभर चॅटवर हसून हसून रडणारे पिवळे चेहरे पाठवायचो आणि माझा स्वतःचा चेहरा मात्र ढिम्म! झोप उडाली, चिडचिड वाढली. पुढे ऑफिस उघडल्यावर पहिल्याच दिवशी टपरीवर एकजण तावातावानं बोलत होता आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, तू म्यूटवर आहेस." विनोद तसा फुसकाच. पण आम्ही सहा जण चहा सांडेपर्यंत हसलो. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

आता एक 'पण'. आमच्या टीममधला सगळ्यात हसवणारा मित्र वर्षभर डिप्रेशनवर गोळ्या घेत होता. त्यानं सांगितलं तेव्हा कळलं. आम्हाला कुणालाच शंका आली नव्हती, कारण तो हसायचा ना! त्यामुळे अशा माणसाला 'हसत राहा रे' म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला 'गार हो' म्हणण्यासारखं. तिथे डॉक्टरच हवा. हसणं हे औषध नाही, जेवणासारखी रोजची गरज आहे.

म्हणूनच ऑफिसातल्या सक्तीच्या 'फन फ्रायडे'चं मला कौतुक नाही. त्यापेक्षा चार वाजता मीटिंग लावू नका, चहाला जाऊ द्या. आम्ही हसायचं आमचं बघून घेऊ!

असो. मंडळी, तुम्ही शेवटचं मोठ्यानं कधी हसलात? आणि कुणाबरोबर? आठवत नसेल तर आज त्या माणसाला फोन करा. मी त्या मित्राला करतोय.