जकातीची भिंत

परदेशी माल स्वस्त मिळतो, त्यामुळे स्वदेशी उत्पादक मागे पडतो. तेव्हा परक्या मालावर जबर जकात बसवावी, म्हणजे आपला धंदा तगेल, हा विचार वरवर पाहता बिनतोड वाटतो. यालाच संरक्षणवाद म्हणतात. परंतु एका देशाची आयात ही दुसऱ्या देशाची निर्यात असते. याचा विसर पडला की काय घडते, याचा धडा १९३० साली अमेरिकेने जगाला दिला.

त्या वेळी अमेरिकेत शेतमालाचे भाव पडले होते. शेतकऱ्याला दिलासा मिळावा, या हेतूने स्मूट व हॉले या दोन लोकप्रतिनिधींनी नवा जकात कायदा मांडला. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी त्याला लेखी विरोध केला. तरीही जून १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने अंड्यांवरील जकात डझनामागे ८ सेंटवरून १० सेंटवर गेली. शेजारच्या कॅनडाने लगेच उत्तर दिले आणि आपली जकात ३ सेंटवरून १० सेंटवर नेली. १९२९ साली अमेरिकेतून कॅनडाला सुमारे ९ लाख डझन अंडी जात होती. १९३२ साली ती जेमतेम १४ हजार डझन उरली. कॅनडाहून अमेरिकेत येणारी अंडी मुळातच थोडी होती. ज्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी भिंत उभारली, त्याचीच बाजारपेठ त्या भिंतीपलीकडे राहिली!

इतर देशांनीही हाच मार्ग धरला. १९२९ नंतरच्या चार-पाच वर्षांत जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. या घसरणीला केवळ जकात कारणीभूत नव्हती. मंदी आधीच सुरू झाली होती. मात्र बुडत्याला हात देण्याऐवजी प्रत्येक राष्ट्राने आपले दार लावून घेतले, हे खरे.

याचा अर्थ संरक्षण सदैव त्याज्य आहे, असा नव्हे. कोवळ्या रोपाला कुंपण लागतेच. १९२४ साली भारतातील बाल्यावस्थेतील पोलाद उद्योगाला असे संरक्षण मिळाले. परंतु झाड वाढल्यावरही कुंपण काढले नाही, तर उद्योग आळसावतो आणि त्याच्या आळसाची किंमत ग्राहक मोजतो.

१९३० चा धडा घेऊनच १९४७ साली भारतासह २३ राष्ट्रांनी परस्परांच्या जकाती कमी करण्याचा करार केला. तरीही तो धडा पुसट होत जातो. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के जकात लावली. २०१९ मध्ये भारताने तेथील बदाम, अक्रोड व सफरचंदांवरील जकात वाढवली. भांडण पोलादाचे, झळ मात्र बागायतदाराला! ही वाढीव जकात भारताने २०२३ मध्ये मागे घेतली.

भिंत बांधणारा आपण सुरक्षित झालो, असे समजतो. पण भिंतीला दोन बाजू असतात. ती परक्याला बाहेर ठेवते, तशीच आपल्यालाही आत कोंडते.