सुपाएवढे काळीज

'मुलगा पहिला आला आणि बापाचे काळीज सुपाएवढे झाले,' असे वाक्य वर्षातून एकदा तरी माझ्या वर्गात फळ्यावर येते. मराठीत मोठे काळीज हे कौतुकाचे. डॉक्टरांच्या तोंडी मात्र तेच शब्द आले की घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. "हृदय वाढलेले दिसते," एवढेच ते म्हणतात आणि कागदावर काहीतरी खरडू लागतात.

वाढते म्हणजे नेमके काय होते? मुठीएवढा, ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा स्नायू दिवसाकाठी लाखभर ठोके देतो. त्यात दोन-तीनशे कोटी स्नायुपेशी असतात, आणि नवल असे, की जन्मानंतर थोड्याच काळात त्यांचे विभाजन जवळजवळ थांबते. कातडी नवी होते, रक्त नवे होते. हृदयाचा कारभार बहुतांशी जुन्याच मंडळींवर चालतो. हे ताडून पाहिले स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी, तेही अणुबाँबच्या मदतीने! १९६३ च्या करारापूर्वी उघड्यावर झालेल्या अणुस्फोटांनी हवेतला किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता. अन्नावाटे तो सर्वांच्या अंगात गेला आणि पेशी ज्या साली जन्मली त्या सालचा शिक्का तिच्या डीएनएवर उमटला. २००९ मध्ये त्यांनी हिशेब मांडला : पंचविशीत वर्षाला शंभरांतली एक पेशी नवी, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्मी. जन्मभरात अर्ध्यासुद्धा बदलत नाहीत.

मग काम वाढले की कसे भागवायचे? घरात पाहुणे वाढले आणि राबणारी सून एकच असली की होते तसेच. नवे हात येत नाहीत. असलेली प्रत्येक पेशी फुगते. रक्तदाब चढलेला असेल, तर पेशीच्या आत आकुंचन पावणारे नवे तंतू जुन्यांच्या शेजारी रचले जातात. पेशी जाड होते आणि तिच्याबरोबर डाव्या कप्प्याची भिंतही. झडप गळत असेल आणि दर ठोक्याला जादा रक्त सांभाळावे लागत असेल, तर तेच तंतू टोकाला टोक लावून जोडले जातात. पेशी लांबते, कप्पा ऐसपैस होतो.

आमच्या ताईच्या यजमानांचे निदान पहिल्या प्रकारचे झाले. ताईने मला विचारले, "अरे, भिंत जाड झाली म्हणजे बळकटच झाली ना?" प्रश्न भाबडा नाही. प्रारंभी ते खरेच असते. जाड भिंतीत ताण अधिक तंतूंवर वाटला जातो. यजमानांनी रक्तदाबाच्या गोळ्या दोन वर्षे बंद ठेवल्या होत्या. "काही होत नाही, मग खायच्या कशाला?" होत नव्हते, ते या फुगलेल्या पेशींच्या कृपेने!

पण पेशी जाडावते त्या मानाने तिला रक्त पोचविणाऱ्या केशवाहिन्या वाढत नाहीत. प्राणवायूला लांबचा पल्ला पडतो. पेशींच्या मधल्या जागेत चिवट धाग्यांचे जाळे साचते. भिंत ताठरते, सैल पडून रक्त भरून घेणे तिला जमत नाही, आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर माणसाला धाप लागते. त्याहून विलक्षण म्हणजे पेशीला आपले बाळपण आठवू लागते. गर्भात जागी असलेली आणि पुढे निजलेली काही जनुके पुन्हा उठतात. चरबी सोडून साखर जाळण्याकडे तिचा ओढा वाढतो, गर्भातल्यासारखा. त्यांतल्याच एका जनुकाच्या 'बी. एन. पी.' या द्रव्याचे रक्तातले प्रमाण पाहून डॉक्टर आज हृदयाची थकावट ओळखतात. शेवटी काही पेशी मरतात, आणि त्यांच्या जागी येणारे कोणी नसते.

गरोदरपणातही हृदय वाढते. बाळंतपणानंतर मात्र ते मुकाट्याने पूर्ववत होते. चढलेला रक्तदाब असा सोडवणूक करीत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासले, तेव्हा रक्तदाब १८६ वर १०८ होता आणि हृदय वाढलेले होते. विश्रांती, मीठ कमी, डिजिटॅलिस. याहून फारसे हाती काही नव्हते. जगाला सांगितले गेले, की अध्यक्षांची प्रकृती उत्तम आहे! त्याच हृदयानिशी ते फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेला गेले, आणि १२ एप्रिलला मेंदूतील रक्तस्रावाने वारले. वय ६३.

आज रक्तदाब उतरविणारी औषधे गल्लीतल्या दुकानात मिळतात. ती नेमाने घेऊन दाब ताब्यात राहिला, तर काही महिन्यांत फुगलेल्या पेशी आकसू लागतात आणि भिंत पातळ होत जाते. मध्ये साचलेले धाग्यांचे जाळे मात्र इतक्या सहजी विरत नाही. आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत.