टबावर ओरखडा, पगाराला कात्री

भावांनो, आज एका बाथटबची गोष्ट सांगतो. हसू नका. या टबापायी आपल्या एका माणसाच्या घरी महिन्याचे पैसे गेले नाहीत, आणि त्यात माझाही हात होता.

थुवालला एका साइटवर व्हिलाचं फिनिशिंग चालू होतं. नवा कोरा अॅक्रिलिक टब बसवला. हँडओव्हरच्या तपासणीत तळाला दोन खोल ओरखडे सापडले. मेन कॉन्ट्रॅक्टरने नव्या टबाचा बॅक-चार्ज आमच्या कंपनीवर टाकला. ऑफिसने मला विचारलं, कोणाच्या नावावर टाकू? त्या बाथरूममध्ये शेवटचं नाव टाइल फिक्सरचं दिसलं, म्हणून मी तेच लिहून दिलं. जालन्याकडचा पोरगा, पगार १२०० रियाल. एका महिन्यात ९०० कापले. "साहेब, मी टबात पाय पण नाय ठेवला," एवढंच तो म्हणाला.

नंतर मी टब नीट बघितला. टाइलवाल्याच्या हातून थापी पडली, तर काठाचा टवका उडतो. इथे तळाला सारख्या अंतरावर दोन खुणा होत्या. शिडीच्या पायांच्या. फॉल्स सीलिंगवाले टबात शिडी लावून चढले होते. टबावरची फिल्म कोणीतरी आधीच काढून टाकलेली, वर प्लायवूड नाही, पुठ्ठा नाही. आणि संरक्षण बघणं कोणाचं काम होतं? माझं.

खरी चीड पुढे आहे. तो टब बदललाच नाही. खोल जागेत टबाच्या रंगाचं फिलर भरलं, सुकू दिलं, ८०० पासून २००० नंबरपर्यंत पाण्याच्या पॉलिश पेपरने घासलं, वर कंपाउंड मारलं. दोन दिवसांत टब पास झाला. तळाला आरपार चीर असती तर बदलावाच लागला असता, पण वरवरचा ओरखडा दुरुस्त होतो. दुरुस्ती किरकोळ खर्चात झाली आणि पोराकडून मात्र नव्या टबाचे पैसे घेतले.

आपल्या धंद्यात पैसा वरून खाली येताना प्रत्येक हातात थोडा थोडा उरतो, नुकसान मात्र पुरतं खाली उतरतं. मेन कॉन्ट्रॅक्टर सब-कॉन्ट्रॅक्टरवर ढकलतो, सब-कॉन्ट्रॅक्टर गँगवर, आणि गँगमधला सगळ्यात गरीब माणूस ते भरतो. त्याच्या खाली ढकलायला कोणी नसतं ना.

सौदी कायदा हे मान्य करत नाही. २००५ च्या कामगार कायद्याचं कलम ९१ पाठ करून ठेवा. वस्तू कामगाराच्या ताब्यात असताना त्याच्या चुकीने किंवा सूचना मोडल्याने खराब झाली, तरच कपात करता येते. दुसऱ्याच्या चुकीची भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. ज्या बाथरूममध्ये प्लंबर, टाइलवाला, पेंटर, सीलिंगवाला सगळे ये-जा करतात, तिथला टब एकट्या टाइलवाल्याच्या ताब्यात कसा? कपातही दुरुस्तीला किंवा वस्तू पूर्ववत करायला लागेल तेवढीच, आणि महिन्याला पाच दिवसांच्या पगारापेक्षा जास्त नाही. १२०० वाल्याचे दिवसाचे ४० धरले तर महिन्याला जास्तीत जास्त २००. नऊशे नव्हे.

मुदत मात्र लहान आहे. नुकसानीचा ठपका तुम्हाला कळवल्यापासून कामाच्या १५ दिवसांत तक्रार करावी लागते, नाहीतर हक्क जातो. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नका. मनुष्यबळ मंत्रालयाचा नंबर १९९११. तक्रार आधी तडजोडीला जाते, तिथे मिटलं नाही तर कामगार न्यायालयात. जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासालाही कळवून ठेवा. न समजणाऱ्या अरबी कागदावर सही करू नका. कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज पगार कापायला तुमची लेखी संमती लागते, आणि ती संमती त्याच कागदात लपलेली असू शकते.

काम सुरू करण्याआधी मोबाइलवर टबाचे, बेसिनचे, काचेचे फोटो काढा. काम संपल्यावर पुन्हा काढा आणि फोरमनला व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारीख-वेळ आपोआप राहते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण ज्या साइटवर फोटो काढायला बंदी आहे, तिथे आधी परवानगी घ्या, नाहीतर फोरमनला बोलावून टब दाखवा. अॅक्रिलिकवर अॅसिटोन किंवा थिनर लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. टबात उतरावंच लागलं तर आधी जाड पुठ्ठा अंथरा.

काही जण म्हणतील, मग कामगाराने निष्काळजीपणा केला तर सोडून द्यायचं का? नाही. ज्याची चूक सिद्ध झाली, त्याने कायद्याच्या मर्यादेत भरावं. पण चूक सिद्ध करायची असते, नाव शोधायचं नसतं.

माझ्यासारख्या सुपरवायझरांना शेवटचं सांगतो. आपण डिप्लोमा केला तो खुणा वाचायला, यादीत नाव भरायला नाही. मी चुकीचं लिहिलं होतं, असा दुसरा रिपोर्ट फोटोंसकट दिला. वर बोलणी खाल्ली. ५०० रियाल परत मिळाले, ४०० अजून बाकी आहेत. पोरगा रोज भेटतो, नमस्कार करतो, पैशाचं विचारत नाही. मी मात्र दर पगाराला ऑफिसात विचारतो.