पटावरची नदी आणि पिठाचा कोंबडा

सुटीत नातू पुठ्ठा कापून नदी तयार करतो, वाळू चिकटवून समुद्रकिनारा करतो आणि त्यावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून लढाई खेळतो. आजी विचारते, ‘अहिंसा मानणाऱ्या घरात हा खेळ कशाला?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जैन परंपरेने तो फार पूर्वीच विचारलेला आहे.

सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ (इ.स. 959) या ग्रंथातील यशोधर राजाने जिवंत प्राण्याचा बळी देण्यास नकार दिला; परंतु मातेच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो देवीला वाहिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही, तरी माता व पुत्र दोघांनाही तिर्यंच गतीतून अनेक जन्म फिरावे लागले. कोंबडा पिठाचा होता, मारण्याचा संकल्प मात्र खरा होता. मग शिशाच्या किंवा प्लास्टिकच्या सैनिकाचे काय?

या खेळाची एक जुनी पाळेमुळे प्रशियाच्या राजवाड्यात सापडतात. 1812 साली बॅरन फोन राइसवित्झ यांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक टेबल करून दिले. त्यावर प्लास्टरचे रंगविलेले चौकोनी तुकडे होते. त्यांत नद्या, रस्ते, वने उठावदारपणे घडविलेली होती. तुकडे बदलले की नदीचा मार्ग बदले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस रशियातून माघार घेणारे नेपोलियनचे सैन्य बेरेझिना नदीशी येऊन ठेपले. बर्फाळ पाण्यात छातीपर्यंत उभे राहून कारागीर सैनिकांनी लाकडी पूल बांधले. 29 नोव्हेंबरला शत्रूच्या भयाने ते पूल जाळण्यात आले आणि हजारो माणसे पैलतीरी जाण्यावाचून मागे राहिली. एक नदी टेबलावरची, दुसरी खरी, वर्ष एकच.

आता नातवाच्या नदीकडे वळू. टेबल खणता येत नाही, म्हणून पाणी खाली न नेता काठ उंच करावे लागतात. तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या पट्टीवर दोन्ही कडांना उतरते काठ बसवावेत. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला पात्राची रुंदी सारखीच ठेवावी, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जुळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि काठ कडा असतो, आतल्या बाजूला उथळ पाणी आणि वाळू साचते; हे निसर्गाचे गणित विसरू नये. नदी निळी रंगविणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मध्यभागी गडद हिरवट तपकिरी, काठाकडे मातकट रंग देऊन त्यावर चकचकीत वॉर्निशचे पातळ थर एकामागून एक द्यावेत. किनाऱ्याला याच्या उलट दिशेने पाहावे: दूर गडद, जवळ फिकट, मग फेसाची पांढरी रेघ आणि तिच्यालगत ओल्या वाळूची काळसर पट्टी. रेझिन ओतायचे असेल तर थोडे थोडे, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. जाड थर तापतो आणि तडकतो.

साहित्य निवडताना विवेक हवाच. जुना सरस प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून होतो. त्याऐवजी फेव्हिकॉल पुरतो. केसांच्या कुंचल्याऐवजी नायलॉनचा घ्यावा. पोत उठविण्यासाठी वापरला जाणारा समुद्री स्पंज हा मुळात प्राणीच, म्हणून कृत्रिम स्पंज बरा. कुंचले धुण्याचे पाणी रात्रभर उघडे ठेवू नये. त्यात जीव पडतात.

उरतो आजीचा मूळ प्रश्न. यशोधराने कोंबडा मारला तो त्यातून स्वतःचे कल्याण व्हावे या इच्छेने. टेबलावरचा सैनिक पडला म्हणून जो टाळ्या पिटतो, त्याच्या मनात तोच भाव रुजण्याचा धोका आहे; शिशाचा आधार घेऊन तो नाकारता येणार नाही. परंतु हाच खेळ दुसरेही शिकवितो. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यांच्या लढाईचे नियम लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध कितीतरी बरे, असेच प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

म्हणून खेळ बंद करण्याची घाई नको आणि दुर्लक्षही नको. व्यापारी घरात संध्याकाळी हिशेब मांडल्याशिवाय दिवस संपत नाही. तसाच डाव संपल्यावर पडलेल्या सैनिकांचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा: उतार ओलांडताना किती गेले, पूल बांधताना किती, आणि एवढे गमावून हाती काय आले. जिंकणाऱ्यानेही आपल्या बाजूचा आकडा मोठ्याने सांगावा.

तो आकडा सांगताना मुलाचा आवाज कसा होतो, यात आजीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते ऐकण्यासाठी तिने एकदा त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसावे.