बाथरूममध्ये दांडा कधी लावताय?

रीडेव्हलपमेंटमधून नवा फ्लॅट मिळाला किंवा जुनाच वन बीएचके नव्याने करायचा ठरला, की इंटिरियर कोण ठरवतं? आपणच. आई-बाबा पैसे देतात, आजी-आजोबा 'तुम्हाला आवडेल ते करा' म्हणतात आणि आपण फोनवर सेव्ह केलेले फोटो कॉन्ट्रॅक्टरच्या पुढ्यात धरतो. आरशासारखी चकाचक टाइल, बाल्कनीकडे जाताना एक स्टायलिश पायरी, जमिनीला टेकलेला सोफा, बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन. फोटो एक नंबर येतात. पण त्या घरात चोवीस तास राहतं कोण? आपण तर सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्रीच उगवतो.

माझी आजी संध्याकाळी सातनंतर पाणी पीत नाही. अगदी मे महिन्यातसुद्धा. का, असं विचारलं तर म्हणाली, "रात्री उठायला लागतं गं. अंधारात ती बाथरूमची पायरी दिसत नाही. त्यापेक्षा पाणीच नको." तक्रारीचा सूर नाही, काही नाही. तिने घराशी परस्पर तडजोड करून टाकली होती. तुमच्याही घरात अशा तडजोडी चालू असतील. आजोबा अंघोळीला जास्त वेळ लावत असतील, काकू गॅलरीत जायच्या बंद झाल्या असतील. आपण त्याला 'वय झालं' म्हणतो. वय झालेलं असतंच, पण पायरी आपण बांधलेली असते.

जगभरात अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचा नंबर लागतो आणि त्यात साठी ओलांडलेले सर्वाधिक असतात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे 2011च्या जनगणनेतच साठीच्या पुढचे 10 कोटींहून जास्त लोक होते. खुब्याचं हाड मोडलं की काय होतं, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. ऑपरेशन होतं, हाड जुळतंही. पण चालण्यातला बिनधास्तपणा बऱ्याचदा परत येत नाही.

गंमत म्हणजे नियम आहेत. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांबाबत महारेराने 2024मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. दारं रुंद हवीत, बाथरूममध्ये आधाराचे दांडे हवेत, फरशी न घसरणारी हवी वगैरे. छानच. पण आपले बहुतेक आजी-आजोबा काही रिटायरमेंट होममध्ये राहत नाहीत. ते आपल्यासोबत राहतात, म्हणजे नियम लागू नसलेल्या घरात.

मग करायचं काय? आधी खर्चाचं बोलू, कारण 'बघू पुढच्या वर्षी' तिथूनच येतं. बाथरूममध्ये लावायचा स्टीलचा दांडा काहीशे रुपयांना मिळतो. रात्री माणूस जवळ आला की आपोआप लागणारा छोटा दिवाही तेवढ्यातच. पायरीच्या कडेला गडद रंगाची खरखरीत पट्टी चिकटवायला तर प्लंबर पण नको. सरकणारं पायपुसणं उचलून फेकणं फुकट आहे. आपल्या एका हेडफोनच्या पैशांत यातलं बरंच बसतं.

दांड्याच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी नीट बघा. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नाही, तोल जाताना माणसाचं सगळं वजन पडलं तर ती हातात येते. रबरी कपने टाइलला चिकटणारे दांडे ऑनलाइन खूप दिसतात, त्यांच्यावर भरवसा नको. भिंतीत ड्रिल करूनच लावा. नव्या इमारतीत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे साधा प्लग निसटू शकतो. तेव्हा भिंत कशाची आहे हे मिस्त्रीला आधी सांगा आणि त्या भिंतीला चालणारा फास्टनर मागा.

आणि दांडा कुठे लावायचा, हे व्हिडिओ बघून ठरवू नका. घरातल्या भिंतीच सांगतात. बाथरूमच्या दाराजवळ, पलंगाच्या बाजूला, पॅसेजच्या वळणावर हाताच्या उंचीवर काळपट डाग दिसतो का बघा. दिवाळीच्या साफसफाईत आई जो डाग वैतागून घासते ना, तोच. रोज तिथे हात टेकतो म्हणून तो पडलाय. दांडा तिथे हवा.

आता खरा अडथळा. "हे काय, घराचं हॉस्पिटल करणार का?" हे घरातलं कुणीतरी म्हणणारच. आणि दुसरा, जास्त अवघड, खुद्द आजोबांकडून येतो. "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे." त्यांचं चुकत नाही. दांडा लावणं म्हणजे आपण म्हातारे झालो हे भिंतीवर लिहून ठेवणं, असं त्यांना वाटतं. म्हणून पडल्यानंतर लावलेला दांडा शिक्षेसारखा वाटतो आणि आधी लावलेला अपमानासारखा. माझं मत स्पष्ट आहे, अपमान परवडला. पण तो कमी करता येतो. 'तुमच्यासाठी' न म्हणता टाइल बदलताना सगळ्यांसाठीच मॅट फिनिशची निवडा. ओल्या फरशीवर घसरायला वय लागत नाही. दांडा लावला की आपणही धरा. आणि कुठे, किती उंचीवर लावायचा, हे त्यांना उभं करून विचारा. हुकूम आपला नाही, त्यांचा असू दे.

सोसायटीचा जिना हा वेगळाच विषय. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींमध्ये लिफ्टचा विषय निघाला की तळमजल्यावाले म्हणतात, आम्हाला काय उपयोग? निदान जिन्याच्या दुसऱ्या बाजूला कठडा आणि प्रत्येक मजल्यावर चालू असलेला बल्ब, एवढं तरी पुढच्या मीटिंगमध्ये मागा. त्या मीटिंगला आपल्या वयाचं कुणी जातच नाही, तेव्हा तुम्ही गेलात तरी लोक दचकतील.

आणि मिस्त्री घरी आलाच आहे, तर बाथरूमची आतली कडी काढून घ्या. आत कुणी पडलं तर दार तोडत बसावं लागतं. बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवायचं. जमलं तर दारही बाहेर उघडणारं करून घ्या, कारण आत पडलेला माणूस नेमका दारालाच अडतो. सुतार म्हणेल, "असं कुणी करत नाही." करून घ्या.