त्यात आपले कोण?

दिवाळी अंकात मृत्यूची गोष्ट काढावी की काढू नये, याविषयी लेखकमंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, वर्षभराचे अंक रडगाण्याला दिलेच आहेत. चकली मोडता मोडता वाचायचे पान तरी हसरे असावे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्या घरावर यंदा आकाशकंदील चढला नाही, त्या घरीही दिवाळी अंक जातोच. त्यांनी कोणते पान वाचायचे? वाचकहो, मी या दुसऱ्या पक्षाचा आहे. आणि आज जे सांगणार आहे त्यात रडणे थोडे आणि वर्तमानपत्र अधिक आहे, तेव्हा पहिल्या पक्षानेही भिऊ नये.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, २०२३ सालच्या जुलै महिन्याच्या दोन तारखेला गेले. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या टपालखात्यात, म्हणजे आर. एम. एस. मध्ये, पत्रांची वर्गवारी करण्यात काढली. धावत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभे राहून टपाल ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, असे ते काम. त्यामुळे महाराष्ट्रातले कुठले खेडे कुठल्या तालुक्यात हे त्यांना नकाशा न पाहता ठाऊक असे. निवृत्त झाल्यावर पत्रे थांबली. पण खण काही डोक्यातून गेले नाहीत. मग त्यांत ते वर्तमानपत्र टाकू लागले.

त्यांच्यापाशी एक कात्रणवही होती. तिच्यातले पहिले कात्रण १९६१ सालच्या जुलै महिन्यातले. बारा तारखेला सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे पुण्यातल्या माझ्या पिढीला सांगायला नको. मी तेव्हा आठ वर्षांचा, दादा सोळा. त्या कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले आहेत : ‘माझ्या बाकावरचा’. नाव नाही. दादांनी ते कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पुढे तो त्यांचा नेमच झाला. अपघात असो, भूकंप असो, बातमीत मेलेल्यांचा आकडा आला की पेपर वाचून दाखवता दाखवता ते थांबत आणि वहिनींकडे पाहून म्हणत, “त्यात आपले कोण?” आपले म्हणजे नात्यातले नव्हे. त्या गावचा कोणी ओळखीचा, कोणाचे माहेर, कोणाची सोयरीक, नाहीतर नुसते कधीतरी हाताखालून गेलेले एखादे पाकीट. त्यांचे म्हणणे असे की, “पंचवीस जणांना मिळून एक पत्र कधी येत नाही. प्रत्येक पाकिटावर एकच नाव असते. पेपरवाल्यांनी सगळी पाकिटे एका थैलीत भरून थैलीचे वजन तेवढे छापले आहे.”

त्या रविवारी सकाळच्या पेपरात समृद्धी महामार्गावरच्या बसची बातमी होती. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस १ जुलैच्या पहाटे सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस माणसे आत जळाली. दादांनी ती बातमी वहिनींना वाचून दाखवली, कात्री मागून घेतली, चौकोन नीट कापला. कडेला लिहिले : ‘पुण्याला येत होते. कुणीतरी स्टँडवर न्यायला गेले असेल.’ चिकटवायचे राहिले. साडेअकराच्या सुमारास खुर्चीतच मान कलली आणि डॉक्टर येईतो सारे आटोपले होते.

त्याच दुपारी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. महाराष्ट्राच्या राजकारणात त्या दिवशी केवढी खळबळ उडाली, हे आपल्याला आठवत असेलच. आमच्याकडे समाचाराला येणारी माणसे जोडे काढीपर्यंत गंभीर असत, वहिनींपाशी दोन शब्द बोलत आणि मग ओसरीवर जाऊन हळूच विचारत, “बरोबर किती आमदार गेले म्हणे?” मला पहिल्या दिवशी त्याचा फार राग आला. आपल्या घरचे एवढे माणूस गेले आणि जगाला आमदारांची मोजदाद सुचते! वहिनींनी मात्र डोळे पुसत मला सांगितले, “भाऊजी, बोलू द्या त्यांना. हे असते तर सगळ्यांत आधी तेच ओसरीवर जाऊन बसले असते.” ते खरेच होते.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच बातमी झाले. निधनवार्तांच्या रकान्यात तीन ओळी, आणि त्यात अठ्ठ्याहत्तरचे छापले होते सत्त्याऐंशी. फुकटात नऊ वर्षे वाढवून मिळाली! दादांनी संपादकांना तत्काळ कार्ड टाकले असते आणि पत्ताही पिनकोडासकट घातला असता. घरात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हसले ते यावरून.

तेरावा १४ जुलैला आला. पंगत उठता उठता दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-३ सुटले, आणि पुतण्याने मोबाईल मधे धरून ते सर्वांना दाखवले. मला आठवली ती २०१९ च्या सप्टेंबरातली सात तारखेची रात्र. आधीच्या यानाचा ‘विक्रम’ चंद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर असताना त्याचा संपर्क तुटला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि दादा टीव्हीपुढे जागे होते. उठताना ते एवढेच म्हणाले, “टपाल गहाळ झाले. पुन्हा पाठवतील.”

त्यानंतर पाचच दिवसांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या पोटात वसलेली ठाकरांची वाडी, तालुका खालापूर, जिल्हा रायगड. वर जायला गाडीरस्ता नाही. मदतीला गेलेले जवान पावसात चिखल तुडवीत डोंगर चढले, आणि यंत्रे नेता येईनात म्हणून हाताने माती उपसावी लागली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले, तेव्हा सत्तावीस मृतदेह सापडले होते आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता होती.

वहिनींची दृष्टी अधू झालेली, म्हणून पेपर वाचून दाखवण्याचे काम आता माझ्याकडे आले होते. पेपरवाला बिल घ्यायला आला तेव्हा त्याने भीतभीत विचारले होते, “काकू, पेपर बंद करायचा का?” वहिनी म्हणाल्या, “का? जग बंद झाले आहे काय?” तर मी ती बातमी वाचली, आकडा आला, आणि सवयीने दोघेही थांबलो. विचारणारे माणूस नव्हते. थोड्या वेळाने वहिनीच बोलल्या, “भाऊजी, जी सापडलीच नाहीत, त्यांचा तेरावा त्यांच्या माणसांनी कुठल्या दिवसापासून धरायचा?”

वाचकहो, मी सत्तर वर्षांचा माणूस. पंचांग पाहतो, चार पोथ्या वाचलेल्या आहेत. मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. शास्त्रात काहीतरी सोय असेलच, पण वहिनी शास्त्र विचारीत नव्हत्या. पंधरवडाही झाला नव्हता त्यांचे तेरा दिवस भरून. त्या तेरा दिवसांत रडायला एक जागा होती, एक तारीख होती, कावळ्याची वाट पाहायला एक घाट होता. तेवढेसुद्धा ज्यांना मिळाले नाही, अशी माणसे त्या सत्तावन्नाच्या आकड्यामागे डोंगराखाली उभी आहेत, हे त्यांना दिसले. दुःखाने माणूस आपल्यापुरते पाहू लागतो असे म्हणतात. काहींचे होत असेल तसे. वहिनींच्या अधू डोळ्यांना मात्र त्या आठवड्यात माझ्यापेक्षा लांबचे दिसत होते.

त्या दिवशी मी वही काढली. आधी बसचे राहिलेले कात्रण चिकटवले, मग इर्शाळवाडीचे. कडेला काय लिहू म्हणून विचारले, तर वहिनी म्हणाल्या, “तारीख माहीत नाही, असे लिहा.” तसे लिहिले.

२३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले. टाळ्या सर्व आळीत वाजल्या. वहिनी उठल्या, दादांच्या फोटोपुढे निरांजन लावले आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, “पोचले बरं का टपाल.”

त्या वर्षी आमच्याकडे तळण झाले नाही. रीतीप्रमाणे शेजारणींनी आणि नातलगांनी फराळाचे डबे आणून दिले आणि एरवीपेक्षा चारपट चिवडा घरात साठला! इर्शाळवाडीची वाचलेली माणसे ती दिवाळी चौकजवळ कंटेनरांच्या तात्पुरत्या वसाहतीत काढीत होती. पक्की घरे सिडकोने त्यांना पुढे बांधून दिली. वहिनींनी तेव्हा विचारले होते, “त्यांच्याकडे डबा कोण नेणार? तिथे तर प्रत्येक घरी तळण बंद.”

वही अजून चालू आहे. पेपर मी वाचतो, कात्री वहिनी देतात आणि आकडा आला की विचारायचे काम आता त्यांचे. असो. फार वेळ बसवून ठेवले आपल्याला. पान उलटा, पुढे विनोदी कथा आहे. आणि आपल्या आळीत यंदा एखादा कंदील लागला नसेल, तर अंक वाचून झाल्यावर तोही डब्याबरोबर तिकडे जाऊ द्या.