क्रमशः नव्हे!

हातात मालिकेतलं पुस्तक दिसलं रे दिसलं, की "पहिला भाग वाचलात का?" असं विचारणारी एक जमात आपल्यात आहे. पानात मीठ आधी वाढलं नाही तर हीच मंडळी पंगतीत घास अडवून बसतात. माझं त्यांच्याशी उघड भांडण आहे.

सी. एस. लुईस यांच्या 'नार्निया'चे भाग सात. १९५० ते १९५६, दर साल एक, अशा हिशेबाने निघालेले. फाउंटनच्या फुटपाथवर मला आधी मिळाला तो सातवा. म्हणजे प्रलय आधी आणि उत्पत्ती मागाहून! मग सहावा आला, तो कव्हराविना. पहिला मिळेपर्यंत पावसाळा उलटला. जुन्या बाजारात पुस्तकं काय रेशनच्या रांगेसारखी येतात? ज्याचं घर आवरलं जातं, त्याचा भाग येतो.

"मग मजा काय राहिली?" अहो, मजा तीच! पहिल्या भागात बर्फाळ रानात मधोमध रस्त्यावरचा एक दिवा जळत असतो. लंडनच्या दिव्याचा मोडका दांडा त्या मातीत पडून रुजला, हे लुईससाहेबांनी सांगितलं सहाव्या भागात, पाच वर्षांनी. मला ते आधीच ठाऊक! त्यामुळे दिवा दिसला तेव्हा परगावच्या फलाटावर आपल्या आळीतला माणूस भेटावा तसं झालं.

बरं, यांचा 'पहिला' तरी कुठला? १९९४ च्या अमेरिकन आवृत्तीत कथेचा काळ धरून त्या सहाव्यालाच एक नंबर दिला. एका मुलाने पत्रातून हा क्रमाचा प्रश्न काढला, तेव्हा १९५७ साली लुईसनी कालक्रमाला कौल दिला खरा, पण कुठल्याही क्रमाने वाचलं तरी फारसं बिघडत नसावं, असंही लिहून टाकलं. लग्न त्यांच्या घरचं आणि मानपान यांचे!

आणि आपल्याला हे कोणी शिकवावं? वैशंपायन महाभारत सांगतात ते जनमेजयाला, युद्ध होऊन गेल्यावर, अर्जुनाच्या पणतूला. आजीने कर्ण आधी सांगितला की भीष्म, आठवतंय कुणाला?

हे थट्टेवारी नेऊ नका. आमच्या जवळच्या एका वाचनालयात (नाव कशाला?) दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कुठल्याशा जादूच्या मालिकेचा चौथा भाग छातीशी धरून उभी होती. काउंटरवरच्या बाईंनी तो काढून घेतला. "पहिला बाहेर गेलाय. तो आला की ये." पहिला नेणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच बदली होऊन नागपूरला गेलेत! पोरगी हात हलवत परत गेली. नवा संच घे म्हणावं, तर तिच्या बापाने किराणा कशातून भरायचा? क्रमाचा सोस परवडतो तो कपाटात संच असलेल्यांना, आणि त्यातले निम्मे तर वरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत.

'नार्निया'चा पाचवा मला अजून मिळालेला नाही. मिळेल तेव्हा तो माझा सातवा असेल.